पिवळा फक्त त्यालाच

मार्केट यार्डात नमुन्याच्या पुड्या बांधायला
अडतीवर रद्दी यायची, किलोवर.
त्यात एकदा आलं चीनच्या बादशहाचं पुस्तक,
पुठ्ठा गेलेलं, पहिली चाळीस पानं
कुणाकुणाच्या हळकुंडांभोवती गुंडाळली गेलेली.
उरलेलं आप्पांनी बंडीत खुपसून आणलं.
वाचता येत नव्हतं त्यांना, पण चित्रातला माणूस
गळ्यापासून पायापर्यंत पिवळा होता,
म्हणून.

मी सातवीत. रोज रात्री एक पान.
'बादशहा पहाटे तीनला उठे.'
"मी बी," आप्पा म्हणाले.
'त्याला उठवायला दाराबाहेर माणूस उभा असे.'
"आपल्याला मिरजंची मालगाडी."

'हा पिवळा रंग फक्त त्यानेच ल्यायचा.
दुसऱ्या कुणी घातला, तर शिक्षा.'
आप्पांनी स्वतःकडे पाहिलं.
पिवळी कोपरं, पिवळ्या पापण्या,
कानाच्या पाळीमागं साठलेलं पिवळं,
कितीही साबण लावला तरी
उशीवर उमटणारं डोकं.
इतके हसले की खोकला लागला,
तोही पिवळाच आला.
दुसऱ्या दिवसापासून आई म्हणायची,
"महाराज, पाणी तापलं."

मग दिवस जुळवत गेलो आम्ही.
तो तांबड्या शाईनं कारभाऱ्यांच्या अर्जांवर लिही;
आमच्याकडं तांबडी शाई बाळगोंडा मुकादमाची,
उचल मांडायची.
तो वसंतात नांगराची तीन तासं मारी
आणि मग मांडवात बसून
बाकीच्यांची नांगरट बघे.
"तीन तास म्हंजे घड्याळाचं?"
नाही आप्पा, शेतातली.
"मग बैल बी हसला आसंल."

रात्री चांदीच्या तबकातून
राण्यांच्या नावांच्या पट्ट्या येत,
हिरव्या शेंड्याच्या. तो एक उलटी करी.
ते पान मी गाळलं, फाटलंय म्हटलं.
आई चौथी शिकलेली.
ती तव्याकडं बघून हसली.

जेवणाचं पान आलं तेव्हा थंडी होती.
'पुष्कळ वाडगे. प्रत्येकात चांदीची पट्टी,
विष असलं तर काळी पडेल म्हणून.
शिवाय एक नोकर आधी चाखणार.
त्याला काही होत नाही तोवर बादशहा थांबणार.
कुठल्याही पदार्थाचे तीनच घास,
आवड कुणाला कळू नये.
आणि जेवायचं एकट्यानं.'

आप्पा या खेपेला काही बोलले नाहीत.
भाकरीचा तुकडा कोरड्यासात तसाच.

हरिपूरला पेव उघडायचं असलं
की त्यांनाच बोलावणं.
मातीच्या पोटात झाकलेली हळद.
तोंड मोकळं केल्यावर वर जे येतं
त्याला वास म्हणावा का, माहीत नाही.
आधी उघडं ठेवायचं, बराच वेळ.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
नाही विझला तर आप्पा.
कमरेला दोर. वर धोतर सावरून अडत्या,
"सत्त्याप्पा, बरं हाय न्हवं?"
त्यांनी आतून खाकरायचं.
मग बाकीचे उतरायचे.

"त्या चाखणाऱ्याचं नाव काय लिवलंय?"

मी पान उलटलं, मागलं पाहिलं, पुढलं पाहिलं.
बादशहाच्या आजीचं नाव होतं,
कुत्र्याचं होतं,
वाडग्यांवरच्या नक्षीलासुद्धा नाव होतं.
नाही लिहिलं, म्हटलं.
"हं."
आणि त्यांनी तुकडा तोंडात टाकला.

दोन हजार पाचच्या पुरात पेवं गेली,
पुस्तकही गेलं, फळीवरनं, घरातल्या सगळ्यासकट.
आप्पा त्याआधीच, श्वासाच्या दुखण्यानं.
आता हळद कोल्ड स्टोरेजला असते,
दाराशी हिरवा आकडा लागतो,
आत जाणाऱ्याच्या कमरेला काही बांधत नाहीत.

मी मात्र अजून जेवायला बसले
की पहिल्या घासाआधी थांबते.
मुलं म्हणतात, प्रार्थना करते आई.
करत नाही.
कुणीतरी खाली उतरलंय
आणि अजून खाकरलेलं नाही.